अंधारपेटीतला हात

ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये पांढऱ्याशुभ्र कोटातला एक गोरागोमटा माणूस सांगत होता, की माणूस हाडामांसाचा नसतोच मुळी, तो उजेडाचा असतो. समोर सासूबाई कांदा चिरत मान डोलावत होत्या. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की त्या माणसाचं, हे सांगणं अवघड होतं.

"पदार्थ म्हणजे काय? गोठलेला प्रकाश!" माणूस म्हणाला. "आणि हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं! प्रकाश लाटही आहे, कणही आहे. पदार्थाचा कण लाटही आहे, कणही आहे. मग दोघांत फरक उरला कुठे?"

"तुझ्या डोक्यात उरला असता, पण तिथे जागा आधीच भुशानं अडवलीय," सूनबाई म्हणाली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत लेकीला पाजत बसली होती. लेक चार घोट प्यायची, मग मान वळवून मोबाइलकडे बघायची. या वयातसुद्धा त्या माणसाचा आवाज आला की सगळ्यांनी दुधावरून तोंड काढायचं, असा त्याचा वट होता.

त्याला सगळे आदरानं 'सर' म्हणत. सूनबाई त्याला 'लख्ख' म्हणे. पूर्वी तो न्हाणीघराच्या फरशा विकायचा. फरशांना जी चकाकी येईना ती त्यानं पुढे माणसांना द्यायला घेतली, असं तिचं मत. ती स्वतः विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सांभाळायची. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर परतली होती, आणि झोप अर्धी असली की माणसाची जीभ दुप्पट धारदार होते, याचा अनुभव घरादाराला येत होता.

"तुला हसायला काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "एवढे लोक ऐकतात, ते काय सगळे खुळे?"

"आई, त्याचा हिशेब बघा की. म्हैस डुंबते आणि मीही अंघोळ करते. म्हणून मी म्हैस का?"

सासूबाईंनी सुरी थांबवून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी काही बोलले का?"

सूनबाईला हसू आलं, पण हार मानायची तिची रीत नव्हती. तिनं लेकीला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि समजावायला बसली. "हे बघा. दोन बारीक फटी, पलीकडे पडदा. उजेड इतका मंद करायचा की एका वेळी एकच कण जाईल. तो गेला की पडद्यावर एक ठिपका पडतो. मग दुसरा. आधी वाटतं कुणी राई सांडलीय, कसेही पडलेत. पण खूप वेळ धीर धरला की त्याच ठिपक्यांचे पट्टे उठतात. उजळ, काळा, उजळ, काळा. एकेकटा निघालेला कण, पण कुठे पडायचं नाही ते जणू ठरवून निघालेला. ठिपका पडतो तो कणाचा, पट्टे उठतात ते लाटेचे. इलेक्ट्रॉन सोडले तरी तसेच पट्टे उठतात."

"मग सर वेगळं काय सांगतात?"

"चालण्याची रीत सारखी आहे हो, अंग सारखं नाही! इलेक्ट्रॉनला वजन आहे. तो धरून ठेवता येतो. उजेड धरून ठेवायला गेलं की तो संपतो."

"पण उजेडातून कण तयार होतात म्हणाले ते."

"होतात, फार आदळआपट केली की. पण मग तो उजेड उरत नाही. दुधाचं दही होतं, म्हणून तुम्ही दही चहात घालता का?"

सासूबाईंनी कांदा कढईत लोटला. चुर्र आवाजात त्यांनी जे म्हटलं ते सूनबाईला अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरेसं होतं. "...म्हणून मी त्या गोळ्या बंद केल्यात."

"कसल्या गोळ्या?"

"रक्तदाबाच्या. उजेडाला कसला आलाय दाब?"

सूनबाईच्या मांडीवरची लेक दचकून रडायला लागली, कारण तिच्या आईचं सगळं अंग एकदम ताठ झालं होतं.

नवरा संध्याकाळी घरी आला. त्यानं दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि "तुम्ही दोघी बघा बाबा, मला यातलं काही कळत नाही," असं म्हणून तो अंघोळीला गेला. घरात वादळ आलं की त्याला अंघोळ आठवायची. त्या घरातला सगळ्यात स्वच्छ माणूस तोच होता.

समजावणं, रुसणं, डॉक्टरांची भीती घालणं, सगळं झालं. सासूबाई ढिम्म. सूनबाई मुद्दा मांडायला गेली की त्या म्हणत, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी." पण शास्त्राशिवाय दुसरं हत्यार तिच्यापाशी नव्हतं, आणि ते ती तिरस्काराच्या मुठीनंच धरायची.

त्याच सुमारास विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे गृहस्थ वाऱ्याकडे पाठ करून उभे राहण्यात इतके तरबेज होते की वारा कुठला हे त्यांच्या पाठीवरून कळावं. "मॅडम, एक मोठे पाहुणे येतायत. आपल्या अंधारपेटीत त्यांना हात घालून बघायचाय."

अंधारपेटी सूनबाईनं स्वतः जुळवलेली होती. आतून काळी मिचकूट, सांधे काळ्या पट्टीनं बंद केलेले, हात घालायला काळ्या कापडाची बाही. आत एक काचेची नळी. उजेडाचा एक कण जरी तिच्यावर आदळला तरी बाहेरच्या कर्ण्यातून 'टक्' असा आवाज यायचा. फटींच्या प्रयोगासाठी बनवलेली ही पेटी इतकी हळवी होती की आत काहीही नसताना, नुसत्या उष्णतेनंसुद्धा, ती अधूनमधून 'टक्' करत स्वतःशी बरळायची.

"पाहुणे कोण?" तिनं विचारलं, आणि नाव ऐकून तिच्या अंगात उत्साह संचारला. लख्ख! स्वतःच्या पायांनी! "आणा की सर," ती म्हणाली. "मात्र हात घालण्याआधी अंधारात पाव तास बसावं लागेल. कातडी, कापड, सगळं उजेड पितं आणि नंतर थोडा वेळ मंद चमकत राहतं. ते विझू द्यावं लागतं."

"बघू, बघू," प्रमुख म्हणाले.

तिनं सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. लेकीला घेऊन या म्हणाली, पाजायची वेळ होते. खरं कारण वेगळं होतं. पीठ चाळून खडे कसे वेगळे होतात ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, अशी तिची इच्छा होती.

लख्ख सर आले ते कॅमेरावाल्यांसकट. तोंडावर प्रखर दिवे, मागे पन्नासेक भक्त, आणि दारात हात जोडून प्रमुख. सूनबाईनं अंधाराचं सांगितलं तर प्रमुख कानाशी लागले, "सरांना वेळ नाही हो, घ्या उरकून." दिव्यांखाली तळपलेला हात पांढऱ्या बाहीसकट पेटीत गेला. आणि पेटी तडतडायला लागली, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी.

भक्तांनी श्वास रोखले. "ऐकलंत?" लख्ख सर हळूच म्हणाले, जणू आवाज मोठा केला तर उजेड उडून जाईल. "हे माझं शरीर बोलतंय."

त्यांनी हात बाहेर काढला. "एक मिनिट," सूनबाई म्हणाली. खिडकीतल्या उन्हात प्रमुखांची लाडकी कुंडी होती. तिचं एक पान तिनं खुडलं. प्रमुखांच्या तोंडून 'हं हं' बाहेर पडेपर्यंत पान पेटीत गेलंसुद्धा. तडतड एवढी वाढली की एकेक टक् वेगळी ऐकू येईना. नुसता पत्र्यावर पाऊस.

"सरांपेक्षा पान तेजस्वी निघालं," ती गोड आवाजात म्हणाली.

तिला वाटलं, संपलं. पण संपतात ते साधे लोक. लख्ख सरांनी दोन्ही हात पसरले. "पाहिलंत? पानसुद्धा प्रकाश! आणि का नसावं? ते जन्मभर सूर्यासमोर उभं असतं!" टाळ्या. सूनबाई बघतच राहिली. याला एका मुद्द्यावर धरावं तर लाट होऊन पसरतो, पसरलेला गोळा करावा तर कण होऊन बोटांतून निसटतो. दुहेरी स्वभाव खरा कुणाचा असेल तर याचा.

"पानाशी कसली तुलना," ते पुढे म्हणाले. "माणसाशी करा. या कुणीतरी. अगदी साधं माणूस या."

आणि मागच्या दारातून सासूबाई पुढे आल्या.

त्या इतका वेळ बाहेर पायऱ्यांवर, उन्हात बसल्या होत्या. नातीला त्यांनी शेजारच्या बाईकडे दिलं, पदर सारखा केला आणि लाजत लाजत उजवा हात बाहीत घातला. पेटी ओरडली. सरांच्या हाताला जेवढी बोलली होती त्याच्या कितीतरी पट.

लख्ख सरांचा चेहरा, कुणी मागून पाट ओढून घ्यावा तसा झाला. प्रमुख खोकले. सूनबाईच्या मनात असा काही आनंद उसळला की तिला तो आवरेना. त्याच आनंदात तिच्या नाकाला एक ओळखीचा वास आला. सासूबाईंच्या दुसऱ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. नखांच्या कडांना पांढरं. उन्हात बसून त्यांनी नातीच्या रॅशला जस्ताचं मलम चोळलं होतं, आणि ते मलम उन्हात बसलं की नंतर थोडा वेळ उजेड सांडत राहतं. डोळ्यांना दिसत नाही, पण पेटीला कळतं.

तिला ते तेव्हाच सांगता आलं असतं. पण लख्ख सरांचं पडलेलं तोंड इतकं सुंदर दिसत होतं की ती क्षणभर ते बघत राहिली.

तेवढ्या क्षणात त्यांनी तोंड उचलून घेतलं. "ताई, आमच्याकडे कधीपासून येता?"

"दर शनिवारी येते," सासूबाई म्हणाल्या.

"आणि औषधं?"

"सोडली."

"ऐकलंत?" सरांचा आवाज छताला लागला. "गुरूपेक्षा शिष्य तेजस्वी निघावा, याहून गुरूला काय हवं! ताई, शनिवारी मंचावर यायचं. सगळ्यांना सांगायचं, औषधं कशी सोडलीत ते."

टाळ्यांचा कडकडाट. त्या टाळ्यांत सूनबाई "थांबा, ते मलम आहे" असं म्हणालीही, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. आणि पन्नास लोकांसमोर सासूबाईंचा तो उजळलेला चेहरा बघून दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडेना. "छान झालं हो मॅडम," प्रमुख म्हणाले आणि पान तुटलेल्या कुंडीकडे दुःखानं बघत निघून गेले.

घरी सासूबाई जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या. "तुझ्याच पेटीनं सांगितलं," त्या येता-जाता म्हणायच्या. रक्तदाब मोजू का म्हटलं तर हात मागे घ्यायच्या. हातसुद्धा आता तसा साधा राहिला नव्हता. सूनबाई मनातल्या मनात स्वतःवर ओरखडे काढत होती. हुशारी करायला गेली नि आपल्याच सासूला त्या माणसाच्या मंचावर चढवून आली. शनिवारी हॉलभर म्हाताऱ्या बसणार, आणि घरी जाऊन आपापल्या गोळ्या केरात टाकणार.

शुक्रवारी सकाळी नातीला कडेवर घेऊन सासूबाई स्टुलावरून उठल्या, आणि एकदम थांबल्या. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली. चेहरा पांढरा पडला, डोळे कुठेतरी लांब. सूनबाईनं धावत जाऊन आधी लेकीला काढून घेतलं, मग त्यांना टेकवलं.

"काही नाही गं. उठले झटकन, एवढंच."

"आई, ते मलम होतं," सूनबाई म्हणाली. "तुमचा हात नव्हता. पिल्लाचं मलम होतं बोटांना. उन्हात बसलात ना, म्हणून."

सासूबाईंना समजायला जरा वेळ लागला. "मलम," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तिच्या ढुंगणाचं?"

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांचा स्वर चढला. "माझ्या हाताला जरा उजेड आला तर तुझ्या पोटात दुखलं! तुझी पेटी तुझ्या बाजूनं बोलली की शास्त्र, माझ्या बाजूनं बोलली की मलम?"

"मग आत्ता चला. हात धुऊन चला. खोटं निघालं तर उद्या मी स्वतः तुम्हाला मंचावर नेऊन बसवते."

"चल. भिते की काय मी!"

सूनबाईनं लेकीला मांडीवर घेतलं, आणि रिक्षात दोघी दोन बाजूंना बघत बसल्या. प्रयोगशाळेत त्या दिवशी कुणाचा तास नव्हता. सूनबाईनं त्यांचे हात साबणानं धुतले, नखं ब्रशनं घासली, बाही कोपरावर सरकवली. मग दिवा मालवला. "आता पाव तास बसायचं."

काळोख असा की डोळे उघडे काय नि मिटलेले काय. लेक कुरकुरली तशी तिनं तिला अंगाशी लावलं. चुटुचुटु आवाज येत राहिला. मग सासूबाई बोलल्या, आणि अंधारात त्यांचा आवाज वयानं लहान वाटला.

"ते लाट नि कण मला काही कळत नव्हतं, बरं का."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत? तुला वाटतं सासू बावळट आहे." त्यांनी बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. "तो माणूस सगळ्यांसमोर म्हणायचा, तुम्ही उजेड आहात. घरात दिवसभरात मला कोण काय म्हणतं? गॅस बंद केला का. किल्ली कुठे ठेवली. गोळी घेतली का. बस्स."

सूनबाईच्या जिभेवर उत्तर होतं. नेहमी असायचंच. या वेळी तिनं ते दातांआड अडवलं, आणि अडवल्यावर लक्षात आलं की ते फारसं चांगलं उत्तरही नव्हतं. त्या तीन प्रश्नांतले अडीच रोज तीच विचारत होती.

पाव तास झाला. सासूबाईंनी हात घातला. टक्. बराच वेळ काही नाही. टक्, टक्. गळक्या नळासारखं.

"आणि काही नसताना कसं वाजतं?"

"हात काढा." टक्. बराच वेळ काही नाही. टक्. "तुमचा हात असला की जरा जास्त. पण ते ऐकून नाही कळत, पुष्कळ वेळ मोजत बसावं लागतं."

"म्हणजे मी असले काय नि नसले काय."

"या पेटीपुरतं, हो."

"तुझा घाल."

तिनं घातला. तसंच. अंधारातून एक समाधानाचा हुंकार आला. "हिचा घाल," सासूबाई म्हणाल्या. झोपेला आलेल्या लेकीचा इवलासा पाय दोघींनी मिळून चाचपडत बाहीत सरकवला. टक्. बराच वेळ काही नाही.

"हिचासुद्धा नाही?" सासूबाईंना हे मात्र मुळीच पटलं नाही. स्वतःचा उजेड गेला त्याहून त्यांना नातीचा अपमान जास्त लागला. "अगं, पाय तर केवढा गरम आहे!"

"गरम आहे. जड आहे. लाथा मारतो. उजेडाला यातलं काही जमत नाही, आई. ही वस्तू आहे. तुम्ही पण वस्तू आहात, चांगली दणकट. सकाळी ही तुमच्या कडेवर होती. हिच्या अंगावर उजेड पडला असता तर काही झालं नसतं." तिनं लेकीचा पाय बाहीतून काढून घेतला. "तुम्ही पडला असता तर?"

पेटीनं एकदा टक् केलं.

"दिवा लाव," सासूबाई म्हणाल्या.

दिवा लागल्यावर दोघींनी डोळे चोळले, आणि त्यात सगळं झाकून गेलं. सासूबाईंनी पर्स उघडली. रुमाल, चष्म्याचं घर, लवंगांची डबी, आणि तळाशी गोळ्यांची पट्टी.

"फेकल्या नव्हत्या?"

"विकत आणलेली वस्तू फेकायला मी काय तुझा नवरा आहे?" त्यांनी एक गोळी तळहातावर काढली. "पाणी दे."

"इथे प्यायचं नाही. यंत्रं आहेत. बाहेर चला."

"पेटी नखरेल ती नखरेल, वर पाणीही पिऊ देत नाही."

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी त्यांनी गोळी गिळली, तोंड वाकडं केलं आणि बाकाकडे बघितलं. "उद्या मी जाणार आहे हं," त्या म्हणाल्या. "बोलावलंय मला मंचावर. विचारलं त्यांनी तर सांगीन, सर, आधी साबणानं हात धुवा, मग बोलू."

"मी येऊ बरोबर?"

"ये. पण तोंड माझं चालेल, तुझं नाही. आणि रोज गोळी घेतली का, गोळी घेतली का, असं विचारायचं नाही. मला कळतं."

"नाही विचारणार."

"गॅसचं पण नाही."

"गॅसचं विचारणार."

सासूबाई आधी बाकावर नीट बसल्या, पाठ टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. मग त्यांनी हात पुढे केले. "आण तिला," त्या म्हणाल्या.